हार्ड जॉबसाठी लेथची सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड, हिऱ्याखालोखाल कठीण) टिप (आकाराचा कोड सीएनजीए १२०४०८), मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळणारी

एन३१ चा (बेअरिंग स्टीलचा) जॉब ६० एचआरसीला (रॉकवेल मापाने) हार्ड होऊन आला की साध्या कार्बाइडची धार बघता बघता बसते. तिथे ही टिप. कार्बाइडच्या दोन कोपऱ्यांवर सीबीएनचा तुकडा ब्रेझ केलेला (झाळून जोडलेला) असतो; दुकानातच तो सांधा आणि धारेवरचा बारीक चॅम्फर (तिरकी मोडलेली कड) भिंगाखाली बघून घ्या. चॅम्फर नसेल तर धारेची कपची उडालीच समजा.

४० मिमी व्यासाला १२०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला साधारण १५० मीटर. फीड (एका फेऱ्याला टिपेची सरक) ०.१ मिमी, कटाची खोली ०.१५ ते ०.२ मिमी. चिप लालभडक निघते, निघू द्या. उष्णता तिच्यासोबतच जायला हवी. कूलंट बंद. तुटक पडणाऱ्या पाण्याने तापलेल्या टिपेला तडे जातात.

साईज गाठायला ०.०२ चा कट दिलात तर टिप कापत नाही, घासते, जॉबला ढकलते आणि लांब शाफ्टला टेपर (एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक) येतो. शेवटच्या कटाला ०.१ राखूनच ठेवा. क्रॉस स्लाइड ढिली असलेल्या जुन्या लेथवर पैसे पाण्यात. कीवे (चावीची खाच) असलेल्या जॉबवर कट तुटक पडतो, त्याला सलग कटाची ग्रेड चालत नाही, वेगळी मागा. रिंगा आणि बुशांना मात्र बहुतेक वेळा ग्राइंडिंगची गरजच उरत नाही.