आठ महिने, चार अपडेट आणि उलटा मोमेंट डायग्राम

काल इमारतींचे बीम-कॉलम डिझाइन करायच्या माझ्या प्रोग्रामचं चौथं अपडेट टाकलं आणि पुन्हा तेच. जुनं मॉडेल उघडलं, रन केलं, तर बीमचा मोमेंट डायग्राम (बीमला वाकवणारा जोर कुठे किती त्याचं चित्र) कॉम्प्रेशनच्या, म्हणजे दाबाच्या बाजूला! आधीच्या तीन अपडेटनंतरही हेच झालं होतं. प्रोग्रामचं नाव लिहीत नाही, वापरणारे ओळखतील. विश्लेषण, डिझाइन, डिटेलिंग सगळं एकात आहे. काय काय करतो ते इथे सांगत बसत नाही.

सपोर्टवाल्यांचं ठरलेलं उत्तर आहे: ‘सर, सेटिंगमध्ये एक टिक आहे, पाच सेकंदांचं काम.’ पाच सेकंदांचंच आहे हो. पण ती टिक मी आठ महिन्यांपूर्वी केली होती, ती तुम्ही का पुसता? डायग्राम टेन्शनच्या (ताणाच्या) बाजूला काढायचा म्हणजे जिकडे फुगवटा तिकडे सळई, ही डोळ्यांना लागलेली सवय. काही पुस्तकं उलट काढतात, मान्य. दोन्ही बरोबर, पण माणसानं एक धरलं की दुसरं सोडावं. दुसऱ्या अपडेटनंतर रात्री साडेअकराला मी एका कॅन्टिलिव्हरचं (एकाच टोकाला धरलेल्या बीमचं) मुख्य स्टील वरच्याऐवजी खालच्या बाजूला लिहायला निघालो होतो. पेन्सिल टेकवली आणि मग लक्षात आलं. तेव्हापासून प्रत्येक अपडेटनंतर पहिलं काम म्हणजे दोन टेकूंवरचा एक साधा बीम टाकायचा आणि डायग्राम कुठे फुगतो ते बघायचं. एवढ्या महागड्या प्रोग्रामची परीक्षा पहिल्या वर्षाच्या गणितानं!

आता तिसऱ्या अपडेटची गोष्ट. हा लेख खरं तर तेव्हाच लिहिणार होतो आणि फार शिव्या घालणार होतो. मॉडेलमध्ये काडीचा बदल नाही, तरी एका ३०० × ६०० मिमीच्या बीमला आठ मिमीच्या दोन पायांच्या रिंगा (मुख्य सळयांभोवतीचे उभे वेढे) दर ३०० मिमीवरून एकदम दर १५० वर आल्या. ड्रॉइंग गेलेलं, कंत्राटदाराची सळई कापून तयार. मी फोन लावला आणि ‘तुमचं अपडेट बिघडलंय’ असं ठणकावून सांगितलं. चार दिवस ईमेलांची देवाणघेवाण. मॉडेल पाठवा, लॉग पाठवा, ग्राफिक्स ड्रायव्हर तपासा (रिंगांचा ग्राफिक्सशी काय संबंध, ते देव जाणे). पाचव्या दिवशी वैतागून कागद घेतला.

या बीमवर एक दुय्यम बीम येतो, कॉलमच्या तोंडापासून ४०० मिमीवर. तो १४० किलोन्यूटन आणून टाकतो, शिवाय मीटरला २० किलोन्यूटनचा पसरलेला भार. तोंडापाशी शिअर (बीमला कापू पाहणारं बल, रिंगा त्याच्यासाठीच) २१२ किलोन्यूटन. परिणामी खोली (बीमच्या दाबाच्या कडेपासून मुख्य सळईपर्यंतचं अंतर) ५५० मिमी धरली तर तोंडापासून तेवढ्या अंतरावर उरतो फक्त ६१. कोडमध्ये (डिझाइनच्या नियमावलीत) तोंडाऐवजी परिणामी खोलीइतक्या अंतरावरचा शिअर घ्यायची सवलत आहे, पण त्या दरम्यान कुठला बिंदुभार (एकाच जागी येणारा भार) नसेल तरच. माझा १४० नेमका तिथेच बसलेला. जुनी आवृत्ती ही अट न बघता ६१ वर डिझाइन करत होती आणि किमान रिंगा देऊन मोकळी होत होती. नव्या आवृत्तीनं २१२ घेतला. चोर सोडून मी संन्याशाला फाशी देत होतो.

मग रिलीज नोट्स काढून वाचल्या. तीसएक मुद्द्यांमध्ये सत्ताविसावा: ‘काही विशिष्ट परिस्थितीत बीमचा शिअर कमी धरला जात होता, ते दुरुस्त केले.’ बस. त्याच्या वर काय, तर नवीन आयकॉन, गडद थीम, रिपोर्टचा फॉन्ट. दुरुस्ती केली त्याचं कौतुकच आहे, प्रामाणिकपणे सांगतो. पण कुठली विशिष्ट परिस्थिती ते लिहायला आणखी एक ओळ लागली असती आणि माझे चार दिवस वाचले असते. शिअर हा प्रकार वाकण्यासारखा आधी झुकून सूचना देत नाही. १९९१ साली नॉर्वेत स्लाइप्नर ए या समुद्री प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया बुडाला, तिथेही विश्लेषणात भिंतींमधला शिअर ४७ टक्के कमी आला होता. तिथे दोष ढोबळ मेशचा (विश्लेषणासाठी पाडलेल्या फार मोठ्या तुकड्यांचा) होता, पण छापील आकड्यावर विश्वास ठेवणारे आपल्यासारखेच. माझ्या बाबतीत काँक्रीट अजून ओतायचं होतं म्हणून निभावलं. त्या टोकाला मधे मधे जादा रिंगा घातल्या आणि मागच्या तीन कामांतले असे बीम हातानं पुन्हा तपासले. दोन सापडले, दोन्हीत सुदैवानं रिंगा आधीच जवळ होत्या.

फाइलबद्दल एक सांगतो. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुनीत उघडत नाही आणि सेव्ह करताना तो विचारतही नाही. मी आता अपडेटच्या आधी मॉडेलची टेक्स्ट फाइल काढून ठेवतो, जुनी आवृत्ती शेजारीच राहू देतो, आणि चालू काम ज्या आवृत्तीत सुरू झालं त्यातच संपवतो. गती, मेशिंग, डिटेलिंग ठीक आहे, तक्रार नाही.

मेंटेनन्सचे पैसे मात्र झोंबतात. परवान्याच्या किमतीचा जवळपास पाचवा हिस्सा दर वर्षी, आणि एक वर्ष चुकवलं तर मागचंही भरा. म्हणजे त्यांचीच चूक दुरुस्त करून घ्यायला मी वर्गणी भरायची. यंदा भरायची नाही असं ठरवलं होतं. त्या २१२ नंतर गुपचूप भरली.

डायग्रामची टिक पुसली जाते याबद्दलची माझी तक्रार अजून ‘विचाराधीन’ आहे. काल चौथ्यांदा पाठवली, सोबत उलट्या कॅन्टिलिव्हरचं चित्र जोडलं. उत्तर आलं: सर, सेटिंगमध्ये एक टिक आहे.