झाम्बोआंगाचं याकान कापड: सोलापूरकरांच्या कामाचं

दक्षिण फिलिपिन्सच्या झाम्बोआंगा बंदरात १६३५ सालचा फोर्ट पिलार धावता बघा. वेळ राखा तो अप्पर कलारियानच्या याकान जमातीच्या विणकर वस्तीसाठी. मूळचे बासिलान बेटावरचे हे विणकर. कंबरेला पट्टा बांधून ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, स्वतःच्या अंगानं ताणतात. नक्षी विणायला ना जेकार्ड यंत्र, ना त्याचं भोकांचं पंचकार्ड. म्हणून पन्हा हाताच्या आवाक्याएवढाच. मोठं कापड मधे जोड नसलेलं दिसलं, तर शंका घ्या. नक्षी भौमितिक, रंग चांगलेच भडक. हे चादर म्हणून वापरू नका. भिंतीवर टांगायला, टेबलावर पट्टी म्हणून उत्तम. आधी ओला पांढरा रुमाल घासून रंग तपासा, मगच भावाची घासाघीस. जेवायला नारळाच्या दुधातला ‘कुराचा’ नावाचा खेकडा घ्या. शेंगाचटणीवर वाढलेल्या जिभेला तो जरा सौम्यच लागेल.