सोनी एक्सएम४: पेअरिंग, दोन डिव्हाइस आणि तुटणारा आवाज

सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ (थोडक्यात एक्सएम४) हा ब्लूटूथ हेडफोन भारतात सप्टेंबर २०२०मध्ये २९,९९० रुपयांना आला. पुढे २०२२मध्ये एक्सएम५ आणि २०२५मध्ये एक्सएम६ आला, तरी एक्सएम४ची मागणी संपलेली नाही आणि ती रास्तच आहे. घडी करून बॅगेत ठेवता येतो, वजन २५४ ग्रॅम, नॉइज कॅन्सलिंग (भोवतालचा गोंगाट दाबण्याची सोय) चालू ठेवून ३० तास चालतो. त्याच्या आवाजाबद्दल भरपूर लिहून झालंय. इथे बघायचं आहे ते एवढंच, की फोन, लॅपटॉप आणि टीव्हीला जोडताना हा हेडफोन कसा वागतो. ‘कनेक्टच होत नाही’, ‘मध्येच तुटतो’ या तक्रारी वारंवार ऐकू येतात, आणि बहुतेक वेळा हेडफोन बिघडलेला नसतो. कुठलंतरी सेटिंग आडवं आलेलं असतं.

पहिल्यांदा पेअर करणं सोपं आहे. नवा हेडफोन पॉवरचं बटण दोन सेकंद दाबून चालू केला की आपोआप पेअरिंगमध्ये जातो. दुसरं डिव्हाइस जोडताना मात्र गोंधळ होतो, कारण तेव्हा हेडफोन आधी पूर्ण बंद करून मग तेच बटण सुमारे सात सेकंद दाबून धरावं लागतं. दोन सेकंदांनी ‘पॉवर ऑन’ ऐकू येतं आणि लोक तिथेच बोट उचलतात. उचलू नका. ‘ब्लूटूथ पेअरिंग’ असं ऐकू येईपर्यंत आणि निळा दिवा दोन-दोनदा लुकलुकेपर्यंत दाबून ठेवा. पेअरिंग साधारण पाच मिनिटं चालू राहतं. तेवढ्यात जोडणी झाली नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जुन्या एखाद्या उपकरणाने पासकी मागितली तर ०००० टाका.

आयफोनवर आणि काही अँड्रॉइड फोनवर यादीत दोन नावं दिसू शकतात: ‘डब्ल्यूएच-१०००एक्सएम४’ आणि ‘एलई_डब्ल्यूएच-१०००एक्सएम४’. ‘एलई’वालं नाव ब्लूटूथ लो एनर्जीचं आहे. ते निवडलं तर ‘कनेक्टेड’ दिसतं, पण गाणं फोनच्या स्पीकरवरच वाजत राहतं. ते नाव ‘फर्गेट’ करून साधं नाव निवडा. या एका कारणापायी चांगले हेडफोन दुकानात परत जातात, म्हणून हे आधी तपासा.

कानावर बसणाऱ्या डाव्या कपवर एनएफसीची, म्हणजे नुसतं टेकवून जोडण्याच्या सोयीची, खूण आहे. फोनचं लॉक उघडून त्याची पाठ तिथे टेकवली की अँड्रॉइड फोन लगेच जोडला जातो. कव्हर धातूचं किंवा फार जाड असेल तर हे चालत नाही. आयफोनला ही सोय नाही.

हेडफोन आठ डिव्हाइस लक्षात ठेवतो. नववं जोडलं की सगळ्यात जुनं विसरतो. गंमत अशी की ते जुनं डिव्हाइस मात्र हेडफोनला विसरत नाही. घरातला एखादा टॅब्लेट ‘पेअर्ड’ दाखवत राहतो आणि कनेक्ट म्हटलं की नुसताच गोल फिरत बसतो. इथे दहा वेळा ‘कनेक्ट’ दाबून काही होत नाही. टॅब्लेटवरून नाव काढून टाका आणि सात सेकंदांचं पेअरिंग नव्याने करा. ब्लूटूथमध्ये जोडणीची किल्ली दोन्हीकडे साठवलेली असते; एका बाजूची पुसली गेली तर दुसऱ्या बाजूचीही पुसावीच लागते.

आता दोन डिव्हाइस एकाच वेळी जोडण्याबद्दल. एक्सएम४ विकत घेण्याचं हे मोठं कारण आणि वैतागाचंही. ही सोय सोनीच्या ॲपमधून चालू करायची असते. या ॲपचं नाव आधी ‘हेडफोन्स कनेक्ट’ होतं, २०२४मध्ये ते ‘साउंड कनेक्ट’ झालं. अँड्रॉइड १२पासून पुढच्या फोनवर ॲपला ‘निअरबाय डिव्हायसेस’ची परवानगी द्यावी लागते, नाहीतर समोर असलेला हेडफोनही त्याला सापडत नाही. ‘कनेक्ट टू २ डिव्हायसेस सायमल्टेनिअसली’ हे सेटिंग चालू केलं की लॅपटॉपवर गाणी ऐकताना फोन वाजला तर तो हेडफोनवर घेता येतो. कॉलच्या बाबतीत हे चोख चालतं.

गाण्यांच्या बाबतीत तसं नाही. लॅपटॉपवर काही वाजत असेल तर फोनवर गाणं सुरू करून आवाज तिकडे वळत नाही. आधी लॅपटॉपवरचं थांबवावं लागतं. ब्राउझरच्या कुठल्यातरी टॅबमध्ये जाहिरातीचा व्हिडिओ हलत असला, तरी लॅपटॉपने हेडफोन अडवून ठेवलेला असू शकतो. फोनवर गाणं ‘प्ले’ दाखवतंय पण कानात शांतता, असं झालं की तो टॅब शोधा. तिसरं डिव्हाइस जोडायला गेलात तर आधीच्या दोनांपैकी ज्यावर शेवटी गाणं वाजलं ते टिकतं, दुसरं निघतं.

याची एक किंमत आहे, ती विकत घेण्याआधी माहीत हवी. दोन डिव्हाइसचं सेटिंग चालू असताना एक्सएम४वर एलडॅक मिळत नाही. एलडॅक म्हणजे सोनीचा उच्च दर्जाचा कोडेक (ब्लूटूथवरून आवाज आकुंचित करून पाठवण्याची पद्धत), जो सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो आणि २०१७च्या अँड्रॉइड ८पासून अँड्रॉइडचाच भाग आहे. एक्सएम५मध्ये ही अडचण दूर झाली. आयफोनवाल्यांना फरक पडत नाही, कारण आयफोन एएसी हा दुसरा कोडेकच वापरतो. आधीच्या एक्सएम३मध्ये असलेला ॲप्टएक्स कोडेक सोनीने एक्सएम४मधून काढला, त्यामुळे विंडोज १०चा लॅपटॉप थेट एसबीसी या साध्या कोडेकवर येतो. ऑफिसच्या कामाला तेवढं पुरतं. फक्त संगीतासाठी घेणाऱ्याने दोन डिव्हाइसचं सेटिंग बंदच ठेवावं.

आवाज ‘तुटतो’ म्हणजे नेमकं काय होतं, ते नीट ऐका. तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिघांचे उपाय वेगळे.

गाणं स्वच्छ थांबतं आणि फोनच्या स्क्रीनवर ते ‘पॉज’ झालेलं दिसतं, तेव्हा ब्लूटूथचा संबंधच नसतो. डाव्या कपच्या आत एक सेन्सर आहे, हेडफोन कानावरून काढला की तो गाणं थांबवतो. केस, ओढणी किंवा कप नीट न बसणं यामुळे तो फसतो. आवाज थांबून भोवतालचं सगळं ऐकू यायला लागलं, तर ते ‘स्पीक टू चॅट’चं काम. तुम्ही बोललात, खोकलात, गाण्याबरोबर गुणगुणलात, की त्याला वाटतं तुम्ही कुणाशी तरी बोलताय. गाणाऱ्या माणसाने हे सेटिंग पहिल्याच दिवशी ॲपमधून बंद करावं.

आवाज अडखळतो, खरखरतो, पण जोडणी सुटत नाही, हा रेडिओचा प्रश्न. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७९ चॅनलांवर उड्या मारत चालतं, आणि त्याच पट्ट्यात घरचा वायफाय, मायक्रोवेव्ह आणि शेजाऱ्यांची सगळी उपकरणं असतात. त्यात माणसाच्या शरीरातलं पाणी हा सिग्नल शोषून घेतं. म्हणूनच फोन मागच्या खिशात असला की आवाज अडखळतो आणि पुढच्या खिशात घेतला की सुधारतो. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये चहूबाजूंनी माणसं आणि प्रत्येकाच्या कानात ब्लूटूथ. तिथे ९९० किलोबिटचा हट्ट धरू नये. एवढा डेटा जात असताना हरवलेला तुकडा पुन्हा पाठवायला फारशी जागाच उरत नाही. ॲपमध्ये ‘प्रायॉरिटी ऑन स्टेबल कनेक्शन’ निवडा, किंवा अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये एलडॅकचा दर ‘बेस्ट एफर्ट’वर ठेवा. पहिल्या पर्यायात हेडफोन साध्या एसबीसीवर येतो, दुसऱ्यात गर्दी असेल तसा एलडॅकचा दर ६६० किंवा ३३०वर उतरतो. घरात अडखळत असेल तर फोन आणि लॅपटॉप वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ नावावर न्या.

डेस्कटॉपला ब्लूटूथचा डाँगल लावला असेल आणि शेजारच्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये हार्ड डिस्क असेल, तर दोष तिथे असू शकतो. यूएसबी ३.०चा डेटा जाताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. डाँगल अर्धा-एक मीटरच्या एक्सटेन्शन केबलवर लावून दूर ठेवा. साध्या केबलने सुटणारा हा प्रश्न आहे.

तिसरा प्रकार: ‘डिस्कनेक्टेड’ असं चक्क ऐकू येतं, किंवा चालू केल्यावर हेडफोन भलतीकडेच जाऊन जुळतो. चालू होताच तो शेवटच्या डिव्हाइसचा शोध घेतो. काल रात्री टीव्हीला जोडला होता आणि टीव्ही चालू आहे, तर तो तिकडेच जाणार. टीव्हीच्या मेनूतून डिस्कनेक्ट करा आणि फोनच्या यादीत नावावर टॅप करा.

लॅपटॉपवरच्या मीटिंगची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे एक्सएम४ला मी कमी गुण देईन. विंडोज १०मध्ये हा हेडफोन दोन नावांनी दिसतो, एक ‘स्टिरिओ’ आणि एक ‘हँड्स-फ्री एजी ऑडिओ’. झूम किंवा टीम्सने हेडफोनचा माइक घेतला की जोडणी हँड्स-फ्रीवर जाते, आणि चाललेलं गाणं एकदम डब्यातून आल्यासारखं, मोनो होतं. ही साध्या ब्लूटूथचीच मर्यादा आहे; उत्तम स्टिरिओ आणि माइक दोन्ही एकत्र त्यात मावत नाहीत. विंडोज ११मध्ये दोन्ही नावं एक झालीत, पण माइक सुरू झाल्यावर दर्जा तिथेही उतरतो, मॅकवरही उतरतो. उपाय सोपा आहे: मीटिंगच्या ॲपमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. ऐकायलाही बरं आणि समोरच्यालाही तुमचा आवाज बहुधा जास्त स्पष्ट जातो. विंडोज १०वर माइक कधीच नको असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘डिव्हायसेस अँड प्रिंटर्स’मध्ये हेडफोनच्या प्रॉपर्टीज उघडा, ‘सर्व्हिसेस’मध्ये जा आणि ‘हँड्स-फ्री टेलिफोनी’समोरची खूण काढा.

चार्जिंग चालू असताना एक्सएम४ वापरताच येत नाही, तो बंदच राहतो. लांबलचक मीटिंगच्या मध्ये बॅटरी संपली तर पंचाईत. दिलासा एवढाच, की दहा मिनिटं चार्ज केला तर पाच तास निघतात.

टीव्हीवर ओठ आणि आवाज यांचा मेळ बसत नसेल तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘एव्ही सिंक’ शोधा. नसेलच, तर हेडफोनबरोबर येणारी ३.५ मिमीची केबल वापरा. ती लावली की ब्लूटूथ बंद होतं आणि उशीरही संपतो. त्या केबलवरून माइक चालत नाही. फोनवर गेम खेळणाऱ्यांनीही केबलच धरावी. प्लेस्टेशन ५ ब्लूटूथ हेडफोन थेट घेत नाही, तिथे केबल कंट्रोलरला लावा.

काहीच जमलं नाही तर रीसेट, पण क्रमाने. आधी दोन्हीकडचं ब्लूटूथ बंद-चालू. मग फोनवरून नाव काढून नवं पेअरिंग. मग हेडफोन रीस्टार्ट: चार्जिंगची केबल लावून पॉवर आणि कस्टम ही दोन्ही बटणं एकत्र दाबायची, यात पेअर केलेली डिव्हाइस पुसली जात नाहीत. विंडोज अडून बसला असेल तर ‘ब्लूटूथ सपोर्ट सर्व्हिस’ रीस्टार्ट करा. सगळ्यात शेवटी हेडफोन मूळ स्थितीत न्या: केबल काढा, हेडफोन बंद करा, पॉवर आणि कस्टम दहा सेकंदांहून जास्त दाबून धरा, निळा दिवा चारदा लुकलुकतो. आता आठही डिव्हाइस पुसली गेली, तेव्हा प्रत्येकावरून जुनं नाव काढायला विसरू नका. फोनची ‘रीसेट नेटवर्क सेटिंग्ज’ शक्यतो टाळा, त्यात वायफायचे सगळे पासवर्ड जातात.

सेकंडहँड घेत असाल तर विकणाऱ्यासमोरच हा पूर्ण रीसेट करा, नाहीतर त्याच्या घरातला फोन पहिल्यांदा हेडफोनला पकडेल. मग तुमच्या फोनवर सोनीचं ॲप उघडा. ॲपने हेडफोन ओळखला, त्याचं सॉफ्टवेअर व्हर्जन दाखवलं आणि नॉइज कॅन्सलिंग ॲपमधून चालू-बंद झालं, तरच पैसे द्या. ॲपला तो सापडलाच नाही, तर बॉक्स कितीही खरा दिसला तरी हेडफोन बनावट असण्याची दाट शक्यता आहे.