लग्नाच्या उपासनेत काय गायचं: जुनी गीतं, भजनं की नवी वर्शिप गाणी?

कोल्हापुरातल्या ख्रिस्ती लग्नांत मी पंधरा-सोळा वर्षं पेटी वाजवतोय. हॉल, जेवण, कपडे सगळं ठरतं आणि गाण्यांचं मात्र शेवटच्या आठवड्यात 'तुम्हीच बघा की' म्हणून येतं. एवढ्यावर सोडू नका. लग्नविधी ही उपासना आहे. त्यामुळं गाणारा किती चांगला गातो यापेक्षा बाकांवरची माणसं गातात का, हे मी आधी बघतो.

'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतपुस्तकातली इंग्रजी चालींवरची गीतं ही पहिली वाट. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले. त्या मिशनच्या परंपरेत वाढलेल्या घरांतल्या आजी-आजोबांना यांतली कित्येक गीतं पुस्तक न उघडता येतात. कॉयर तयारीची असेल तर चार आवाजांत ही गीतं फार भारदस्त वाटतात. पण दोन अडचणी आहेत. चाल परकी असल्यानं मराठी शब्दांतले ऱ्हस्व-दीर्घ ओढले जातात, आणि छापील पट्टी बहुधा उंच असते. वरच्या सुरांवर पुरुषमंडळी गप्प होतात. दोन सूर खाली घ्यायला सांगा, फरक लगेच कळतो.

दुसरी वाट भजनांची, आणि माझा कौल उघडपणे तिकडंच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि ओवीत गायली. अभंगाचं सहा-सहा-सहा-चार अक्षरांचं माप मराठी माणसाच्या कानात आधीपासून आहे. गायक अल्लादियाखाँसाहेबांच्या आणि देवल क्लब या संगीतसंस्थेच्या या गावात पेटी-तबला कुणाला समजावून सांगावा लागत नाही. त्यात आपल्याकडच्या लग्नाला निम्मे पाहुणे ख्रिस्ती नसतात: शेजारी, ऑफिसातले, तालमीतले मित्र. मागे एका लग्नात नवऱ्याच्या तालमीतली पोरं शेवटच्या बाकांवर बसली होती. त्यांच्यातलं कुणीही कधी चर्चला आलेलं नव्हतं. दुसऱ्या कडव्यापासून त्यांनी ध्रुपद उचललं आणि टाळ्यांचा ठेका धरला. माझे हात पेटीवर होते, डोळे भरून आले होते. इंग्रजी चालीवर असं घडलेलं मी पाहिलेलं नाही. काळजी एकच: तबलजी ठेका वाढवत नेतो. नवरा-नवरीच्या वचनांच्या आधी लय संथच राहिली पाहिजे, हे त्याला आधी सांगावं लागतं.

तिसरी वाट गिटार-कीबोर्डच्या नव्या मराठी-हिंदी वर्शिप गाण्यांची. तरुण मंडळी ती मनापासून गातात आणि त्यांचा उत्साह खरा असतो. पण बरीचशी गाणी एका गायकाच्या आवाजाला बेतलेली असतात, शेवटचा भाग कितीदा फिरवायचा ते गाणाराच ठरवतो, आणि शब्द पडद्यावर नसतील तर मावशी-काका नुसते ऐकत राहतात. शिवाय वेळेचं बघा. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे, काही अपवाद सोडता, विधी सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेतच व्हावा लागतो. साडेपाचचं लग्न, वऱ्हाड उशिरा, त्यात आठ मिनिटांचं गाणं. मग पाळकसाहेबांना उपदेश आटोपता घ्यावा लागतो.

नवरी आत येतानाची धून हा वेगळा प्रश्न. मेंडेलसोनची 1842 ची आणि वाग्नरची 1850 ची, या जर्मन संगीतकारांच्या दोन्ही धून रंगभूमीसाठी लिहिलेल्या. वाग्नरच्या नाटकात तर ते लग्न त्याच रात्री मोडतं. काही पाळकांना त्या चालत नाहीत, म्हणून आधी विचारा. ओळखीच्या गीताची चाल नुसती पेटीवर किंवा कीबोर्डवर संथ वाजवली तरी नवरी वेदीपाशी शोभेनंच पोचते.

दोघांनी मला विचारलं तर मी असं मांडीन: सुरुवातीला आजीला पाठ असलेलं जुनं गीत, वचनांच्या आधी अभंग, आणि नवं गाणं रजिस्टरवर सह्या होताना. दोन साक्षीदार, पाळकसाहेब, फोटोवाला, यात आठ-दहा मिनिटं जातातच. वर्शिप टीमला तिथं मोकळेपणानं गाता येतं. मग पत्रिकेसोबत एक पान छापा, अभंगाचं ध्रुपद ठळक अक्षरांत. आणि लग्नाआधीच्या रविवारी उपासना संपल्यावर मंडळीला दहा मिनिटं थांबवून तो एकदा गाऊन घ्या.