जुन्या पत्र्याच्या डब्यांवर मायक्रोक्रिस्टलाइन मेण: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारी ते सप्टेंबर, म्हणजे जळगावचा अख्खा उन्हाळा आणि पावसाळा, रेनेसाँ वॅक्स हे मायक्रोक्रिस्टलाइन मेण (पेट्रोलियमपासून बनणारं, बारीक स्फटिकांचं, पृष्ठभाग जपायला लावतात ते) चौदा डब्यांवर वापरून झालं. हे मेण ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात तयार झालेलं, आणि महाग आहे. पैसे वसूल होतात, पण एका अटीवर: मेणाआधीचा मळ नीट निघालेला हवा. मळावर मेण चोळलं की तो मळच जपला जातो.

डबे बहुतेक वनस्पती तुपाचे, बिस्किटांचे आणि चहाचे. (अमळनेरला १९४५ साली वनस्पती तूप काढायला निघालेली कंपनी म्हणजेच आजची विप्रो. म्हणून तुपाच्या डब्याकडे इकडे जरा वेगळ्या मायेने बघतात.) या डब्यांना रंगाचा जाड थर नसतो. कथील चढवलेल्या पत्र्यावर शाईची पातळ छपाई आणि वर वार्निश, एवढंच. सोनेरी भाग तर बऱ्याचदा नुसत्या पत्र्यावरचा पारदर्शक पिवळा लेप असतो आणि सगळ्यात आधी तोच जातो. पितांबरी, चिंच, लिंबू, खायचा सोडा, तारेची घासणी यातलं काहीही छपाईला लावू नका. थिनर आणि अ‍ॅसिटोन तर शाईच सोडवतात.

पहिलं काम कोरडं. धाब्याच्या घरातल्या माळ्यावरचा डबा असेल तर त्यावर छताची माती बसलेली असते आणि तिच्यात बारीक खडे असतात. ओल्या फडक्याने पुसलं की तेच खडे छपाईवर ओरखडे काढतात. एक इंची मऊ ब्रशने, डबा तिरपा धरून, माती झटकून घ्या.

मग २५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब. बोअरचं पाणी नको, वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग राहतात. बॅटरीच्या दुकानात बाटली मिळते, फक्त पाणीच मागा, अ‍ॅसिड नव्हे. आधी झाकणाच्या आतल्या कडेला किंवा बुडाला चाचणी घ्या. कापसाच्या बोळ्यावर रंग आला तर पाणी तिथेच थांबवायचं. लाल शाई जास्त दगा देते. चाचणी पास झाली तर बोळा पिळून, एका वेळी दोन बोटं रुंद जागा, न दाबता. बोळा मळला की फेकायचा, उलटून वापरायचा नाही. साध्या पाण्याच्या बोळ्याने दोनदा पुसून लगेच सुती फडक्याने कोरडं करा. डबा बुडवायचा कधीच नाही: पाणी बुडाच्या दुमडीत शिरतं, तिथून निघत नाही आणि आतून गंज सुरू होतो. कागदी लेबल असेल तर पाणी वर्ज्यच.

फोडणीच्या धुराचा चिकट, तपकिरी थर साबणाला दाद देत नाही. करडईचं तेल तर वाळून वार्निशासारखं कडक होतं. तिथे रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन. तीच चाचणी, तेच छोटे बोळे, खिडक्या उघड्या, हातमोजे आणि जवळ गॅस पेटलेला नको. छपाईला तडे गेलेले किंवा गंज फुटलेला डबा असेल तर साबणपाणी सोडून थेट टर्पेंटाइनच बरं, त्यात पाणीच नसतं. दोन-तीन फेऱ्यांत थर गेला नाही तर राहू द्या. खाली पिवळट दिसतं ते अनेकदा मळ नसून जुनं वार्निश असतं, आणि ते उतरवलं की मागोमाग शाई येते.

गंजाला झीरो-झीरो-झीरो-झीरो नंबरचं, म्हणजे सगळ्यात बारीक, स्टील वूल आणि मशीनचं तेल, तेही फक्त उघड्या पत्र्यावर. सँडपेपर नको. जुन्या पिवळ्या-लाल रंगांत शिशाची संयुगं असू शकतात, त्यांची धूळ नाकात जायला नको.

आता मेण. चार किलोच्या डब्याला हरभऱ्याएवढं पुरतं. मऊ फडक्याने पातळ लावा, काही मिनिटांनी दुसऱ्या फडक्याने चोळा. पहिल्यांदा हमखास जास्त लागतं, मग उठावाच्या अक्षरांत पांढरा चुरा अडकतो. तो दाताच्या मऊ ब्रशने निघतो. मंद छपाई थोडी चकचकीत होते, काहींना ते आवडणार नाही. टर्पेंटाइनने मेण परत काढता येतं, हा त्याचा मोठा गुण.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतानाही लावलेलं मेण चिकट झालं नाही, धूळ ब्रशने झटकून जात होती. विकणारे खोबरेल चोळून डबा चमकवतात, त्याच्याशी तुलनाच नको: ते चार महिन्यांत खवट, चिकट होऊन धूळ धरतं. मात्र मेणाच्या डबीचं झाकण सैल राहिलं तर आतलं द्रावक उडतं आणि वरचा थर कडक होतो.

पावसाळ्यात चौदापैकी दोन डब्यांना बुडाच्या दुमडीत गंज आला. मेण दुमडीत पोचत नाही, दोष त्याचा नाही. दोन्ही डबे ओल येणाऱ्या भिंतीच्या कपाटात होते. ते हलवून आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यावर गंज वाढला नाही. छपाईच्या भागावर, खरवडलेल्या जागांसकट, नवा डाग एकही नाही.

२०० मिलीची डबी अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. दोन-तीनच डबे असतील तर ६५ मिलीची घ्या. आणि डबा कितीही स्वच्छ झाला तरी त्यात फराळ भरू नका, जुन्या जोडांच्या डाखात (सोल्डरमध्ये) शिसं असू शकतं.