अशोक चौकापुढचा रविवारचा इंग्रजी क्लास: दहा रविवार, फक्त क्रियापदं

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टर्किश टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघते. पॅकिंग लिस्ट, ट्रक आणि बायरला जाणारे मेल ही तिन्ही कामं माझ्याकडे आहेत. हा क्लास मी का लावला ते आधी सांगते, कारण त्यावरूनच तो कोणाच्या कामाचा आहे ते कळेल.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात बंगळूरला निघालेल्या आमच्या ट्रकची ताडपत्री वाटेत फाटली. ड्रायव्हरचा फोन आला तेव्हा काही कार्टन भिजले असावेत अशी मला शंका आली. बायरला लगेच कळवायला हवं म्हणून मेल टाकला: ‘आय डाउट सम कार्टन्स गॉट वेट.’ तिकडून आभाराचं उत्तर आलं. माल पोचल्यावर त्यांनी एकही कार्टन न उघडता सगळे गोदामात रचले. तीन आठवड्यांनी बुरशीच्या डागांचे फोटो आले आणि अडतीस कार्टनचे पैसे कापले गेले. मी म्हणत राहिले की मी कळवलं होतं, ते म्हणत राहिले की तुम्ही उलटंच कळवलं होतं. आमच्या मालकांनाही वाटलं की मी झाकायला बघतेय. ते मला फार लागलं.

त्या मेलमध्ये काय चुकलं होतं, ते मला या क्लासच्या तिसऱ्या रविवारी समजलं. ‘आय डाउट’ म्हटलं की इंग्रजी वाचणारा समजतो, तसं झालं असेल असं हिला वाटत नाही. तसं झालं असावं असं वाटत असेल तर ‘आय सस्पेक्ट’ म्हणायचं. मराठीत दोन्हीकडे ‘शंका’ चालते. ‘तो येईल का याची शंकाच आहे’ म्हणजे बहुतेक येणार नाही, आणि ‘त्यानंच घेतलं असावं अशी शंका आहे’ म्हणजे बहुतेक त्यानंच घेतलंय. आपण वाक्यावरून बरोबर ओळखतो, पण इंग्रजीत त्यासाठी दोन वेगळी क्रियापदं आहेत. मॅडम हे फळ्यावर लिहीत होत्या तेव्हा माझ्या हातातलं पेन थांबलं होतं.

क्लास अशोक चौकाच्या पुढे एका घराच्या पहिल्या मजल्यावर भरतो. शिकवणाऱ्या मॅडम शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतली जत्रा, संपला की बॅच सुरू होते आणि ऊन कडक व्हायच्या आत संपते. वेळ सकाळी आठ ते दहा, फी दोन हजार चारशे, बॅचमध्ये आम्ही चौदा जण. त्यात एक किराणा दुकानदार दादा, दोन नर्स, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं आणि माझ्यासारखे नोकरदार होते. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या तेलुगू, कोणाच्या कन्नड.

मॅडमची पद्धत मला मनापासून आवडली. त्या इंग्रजी शब्दांची यादी देत नाहीत. फळ्यावर आपलं क्रियापद लिहितात आणि इंग्रजीत त्याचे तुकडे कुठे होतात ते आम्हालाच शोधायला लावतात. यातून एक गोष्ट कळली, जी मला दहावी-बारावीत कोणी सांगितली नव्हती: पुष्कळ जोड्यांमध्ये मराठी आपल्याला सांभाळून घेते. ‘से’ आणि ‘टेल’चा घोळ मी वीस वर्षं घातला. आपण पत्ता सांगतो, पत्ता म्हणत नाही. टेल म्हणजे सांगणे, त्याच्या मागे लगेच माणूस येतो: टेल मी, टेल हर. से म्हणजे म्हणणे, त्याला माणूस जोडायचा तर मध्ये टू लागतो. ‘हिअर’ म्हणजे ऐकू येणे, ‘लिसन’ म्हणजे कान देऊन ऐकणे. ‘ब्रिंग’ आणणे, ‘टेक’ नेणे. ‘राइज’ आणि ‘रेज’ तर वाढणे आणि वाढवणे यांच्यासारखेच. मॅडमनी उदाहरण दिलं ते आमच्या डोक्यात बसलं: सूर्य आपला आपण राइज होतो, सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज, म्हणजे त्या उंच काठ्या, माणसांना रेज करावे लागतात. सुताचा भाव ‘राइज’ झाला म्हणून आम्ही टॉवेलचा भाव ‘रेज’ केला, हे वाक्य मी त्याच आठवड्यात मेलमध्ये वापरलं.

अडचण येते ती मराठीत एकच शब्द असतो तिथे. ‘करणे’वर पूर्ण एक रविवार गेला. काम डू, चूक मेक, फोन मेक, धंदा डू. नवीन काही तयार होत असेल तर बहुधा मेक, असा आधार मॅडमनी दिला, पण तो सगळीकडे पुरत नाही हेही सांगितलं आणि उरलेल्या जोड्या सरळ पाठ करायला लावल्या. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला महत्त्वाचा वाटतो. ‘बघणे’ला मी स्वतः उदाहरण दिलं. चालू लूमवर लक्ष ठेवायचं तर ‘वॉच’, टॉवेलवरचा डाग बघायचा तर ‘लुक अ‍ॅट’, आणि तो डाग नुसता दिसला तर ‘सी’. ‘लाइट बंद कर’चं ‘क्लोज द लाइट’ आणि ‘परीक्षा दिली’चं ‘गेव्ह द एक्झाम’ आम्ही चौदाच्या चौदा जण करत होतो. तिथे ‘टर्न ऑफ’ आणि ‘टुक’ हवं.

घरी कन्नड बोलणाऱ्या एका ताईंचा ‘आस्क’ आणि ‘लिसन’मध्ये सारखा गोंधळ व्हायचा. आम्हाला कळेना की हे दोन शब्द चुकण्यासारखे आहेत तरी कसे. मग त्यांनीच सांगितलं, कन्नडमध्ये ‘केळु’ म्हणजे विचारणंही आणि ऐकणंही. मॅडमनी ते फळ्यावर लिहून घेतलं आणि त्या दिवशी ताईंना सगळ्यात जास्त वेळ दिला. सोलापुरात इंग्रजी शिकवायचं तर असंच शिकवायला हवं, असं मला तेव्हा वाटलं.

आता उणं काय ते. बोलायची संधी फार कमी मिळते. दोन तासांत माझ्या वाट्याला चार-पाच वाक्यं यायची. झेरॉक्सची पानं इतकी फिकट की घरी नेऊन मी पेननं गिरवून काढली. ‘लाय’ आणि ‘ले’ शेवटच्या रविवारी पंधरा मिनिटांत उरकलं, तेही चहा येईपर्यंत. या जोडीला निदान एक तास हवा होता, कारण चादर अंथरणे म्हणजे ‘ले’, त्याचा भूतकाळ ‘लेड’. आणि त्याच चादरीवर आपण आडवे होणे म्हणजे ‘लाय’, पण त्याचा भूतकाळ पुन्हा ‘ले’. खोटं बोलणे हेसुद्धा ‘लाय’, मात्र त्याचा भूतकाळ ‘लाइड’. हे मला घरी तक्ता करून बसवावं लागलं. ज्यांचे काळ अजून कच्चे आहेत त्यांनी इथे येऊ नये, धावपळ होईल. साधी वाक्यं जमतात पण ऐन वेळी क्रियापद दगा देतं, अशांसाठी हा क्लास आहे, आणि त्यांनी जरूर लावावा. जाताना आपले जुने मेल किंवा अर्ज घेऊन जा. मॅडम नाव झाकून ते फळ्यावर घेतात, आणि सगळ्यात जास्त शिकणं त्यातूनच होतं.

माझा तो मेल मी असाच नेला होता. मॅडमनी ‘डाउट’खाली रेघ मारून शेजारी दोन्ही अर्थ मराठीत लिहून दिले. ते पान मी दुसऱ्या दिवशी मालकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “म्हणजे मॅडम, तुम्ही खरंच कळवलं होतं.”