जर्मनचा घरचा सराव: खेळासारखं ॲप की ‘निकोस वेग’?

क्लास लागलाय, पुस्तक हातात आलंय, आता घरी सरावाला काय धरायचं? ए-वनच्या, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, प्रत्येक बॅचमध्ये पहिल्या पंधरवड्यात हा प्रश्न येतोच. मी स्वतः पुण्यात जर्मन शिकलो, आता संध्याकाळच्या बॅचेस घेतो. शिकताना आणि शिकवताना, दोन्हीकडून या दोन वाटा मी वापरून पाहिल्या आहेत. एक म्हणजे मोबाईलवरचं खेळासारखं ॲप, गुण, पातळ्या आणि रोजची आठवण करून देणारं. दुसरी म्हणजे ‘डॉइचे वेले’ या जर्मन प्रसारणसंस्थेचा ‘निकोस वेग’ हा फुकट कोर्स. ए-वन, ए-टू, बी-वन अशा तीन पातळ्या, आणि संकेतस्थळावरही चालतो, ॲपवरही.

ॲपचं श्रेय आधी देतो. बसमध्ये उभ्याने, एका हाताने पाच मिनिटांचा सराव होतो, तो दुसऱ्या कशाने होत नाही. रोज थोडं तरी होतंच. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचा घोडा बहुधा अडतो तो ‘आज जमलं नाही’पाशी, आणि ती अडचण ॲप बऱ्यापैकी सोडवतं. आकडे, वार, फळं-भाज्या, नातीगोती हे शब्द त्यातून पटकन तोंडी बसतात. माझे काही विद्यार्थी पहिल्या दिवशी येतात तेच ॲपवरचे दोनेकशे शब्द घेऊन, आणि त्याचा वर्गात नक्की फायदा होतो.

तरी मी ते सोडलं, ते एका गोष्टीपायी. मी वापरत होतो त्या ॲपवर जर्मन शिकायचं ते इंग्रजीतून. ‘डेर मान इस्ट आयनन आप्फल’ हे वाक्य समोर येतं. माणूस सफरचंद खातोय हे कळलं. ‘आयन’चं ‘आयनन’ का झालं, हेही कळलं, म्हणजे त्या वाक्यात जर्मन म्हणून जे शिकण्यासारखं होतं ते सगळं डोक्यात शिरलं. पण उत्तर इंग्रजीत लिहिताना सफरचंदाआधीचं ‘ॲन’ राहून गेलं की लाल रेघ, एक जीव कमी, आणि तेच वाक्य पुन्हा. आपल्या मराठीत हे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ प्रकरणच नाही, त्यामुळे घाईत ते सुटतं, भल्याभल्यांचं सुटतं. चूक होती इंग्रजीतली आणि नापास झालं जर्मन. रात्री दमून-भागून सरावाला बसलेल्या माणसाला हे दहादा झालं की तो जर्मनवरच वैतागतो. हे मी माझ्याबाबतीत पाहिलं आणि नंतर बॅचमधल्या मुलांच्या चेहऱ्यावरही पाहिलं.

कोणी म्हणेल, एवढ्याशा कारणासाठी? पण ते एवढंसं नाही, कारण इंग्रजीचा हा द्राविडी प्राणायाम आपल्याला जागोजागी महागात पडतो. मराठी माणसाला जर्मनमधल्या कितीतरी गोष्टी घरच्याच आहेत. तीन लिंगं आपल्याकडे आहेतच. ती जुळतीलच असं नाही: आपली खिडकी ‘ती’, त्यांचं ‘फेन्स्टर’ नपुंसकलिंगी, आपलं दार ‘ते’, त्यांची ‘ट्यूर’ स्त्रीलिंगी. पण निर्जीव वस्तूला लिंग असतं, ही कल्पना आपल्याला नव्याने गिळावी लागत नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा फरक आईच्या दुधाबरोबर मिळालेला, तेव्हा ‘डू’ आणि ‘झी’ कुणाला कधी म्हणायचं हे सांगावं लागत नाही. इंग्रजीत दोन्हींचं ‘यू’ होतं आणि तो फरक ॲपवर दिसेनासा होतो. वाक्यरचनेचंही तेच. ‘इश विल मॉर्गन नाख पूने फारन’ आणि ‘मला उद्या पुण्याला जायचंय’, दोन्हींत जाणं शेवटी. इंग्रजीवरून वळसा घेतला की ते ‘जाणं’ मधे येऊन बसतं आणि मग ते परत शेवटी नेण्याचा सराव करत बसायचा.

मराठीतून जर्मन शिकवणारं तोलामोलाचं ॲप मला तरी सापडलेलं नाही. मग इंग्रजीचा आधार कमीत कमी लागेल असं साधन बरं, असं मला वाटू लागलं. ‘निकोस वेग’कडे मी वळलो तो याच कारणाने.

स्पेनहून आलेला निको जर्मनीत उतरतो, बॅग हरवते, त्याची टांटे (मावशी किंवा आत्या) यारा हिचा शोध सुरू होतो, वाटेत लीझा, नीना, सेल्मा अशी माणसं भेटत जातात. एकेक प्रसंग दोन-तीन मिनिटांचा. त्याखाली सराव असतो तो मुख्यतः जर्मनमधल्या जर्मनमध्येच: कोण काय म्हणालं ते जोडा, ऐकून गाळलेला शब्द भरा, वाक्याचे तुकडे क्रमाने लावा. भाषांतर करून दाखवावं लागत नाही, म्हणून इंग्रजीसाठी शिक्षाही होत नाही. शब्दांचा अर्थ हवा असेल तर शब्दसूची आहे, तिथे इंग्रजी येतं, पण ते मदतीला येतं, परीक्षा घ्यायला नाही. मी वर्गात एक प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवतो. हे दोघं ‘डू’ म्हणत असतील की ‘झी’? मुलं हावभाव बघून लगेच सांगतात, आणि बहुतेक बरोबर सांगतात. मग आवाज लावायचा. हे ॲपवर करता येईल असं वाटत नाही.

जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे संस्थेची ए-वन परीक्षा देणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. नवरा किंवा बायको जर्मनीत आहे म्हणून व्हिसासाठी परीक्षा देणारे आमच्याकडे बरेच असतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. श्रवणाच्या पेपरात पहिला आणि तिसरा भाग दोनदा ऐकवतात, पण मधल्या भागातल्या उद्घोषणा एकदाच. स्वच्छ, एकट्या, यांत्रिक आवाजातली वाक्यं ऐकण्याची सवय असलेला कान तिथे गडबडतो. ‘निकोस वेग’मध्ये माणसं एकमेकांना तोडत, चालत-बोलत, मागे गलका असताना बोलतात. माझ्या पाहण्यात, ते ऐकलेली मुलं त्या भागात कमी घाबरतात.

आता त्याच्या उणिवा. बसमध्ये उभ्याने ते होत नाही. हेडफोन, वही आणि निदान वीस मिनिटं बैठक हवी. मागे लागणारं कोणी नाही, त्यामुळे स्वतःहून न बसणाऱ्याचं पहिल्याच आठवड्यात सुटतं. आणि बोलणं? ते दोन्हींत कच्चंच राहतं. ए-वनच्या तोंडी परीक्षेत नावाचं स्पेलिंग सांगायला लावतात. तिथे नेहा नावाच्या मुलीने इंग्रजी सवयीने दुसरं अक्षर ‘ई’ म्हटलं, की परीक्षक ‘आय’ लिहिणार, कारण जर्मनमध्ये ‘ई’ म्हणजे आय आणि इंग्रजीतलं ई म्हणजे ‘ए’. ‘एन, ए, हा, आ’ हे माणसासमोरच घोटून घ्यावं लागतं. जोडीदार शोधा, किंवा निदान आरशासमोर मोठ्याने म्हणा.

लेखनाला तिसरीकडे जावं लागेल. जर्मनीतल्या लोकविद्यापीठांच्या संघाचं ‘फाउ-हा-एस लर्नपोर्टाल’ फुकट आहे आणि तिथे तुमचं लिखाण खरा शिक्षक तपासून देतो. बी-वनची लेखी परीक्षा समोर असेल तर हे सोडू नका. बी-वननंतर ‘निकोस वेग’ संपतो, पण डॉइचे वेलेच्याच संथ लयीत वाचलेल्या बातम्या आहेत, शेजारी मजकूरही असतो. आधी ऐका, मग वाचा, मग पुन्हा ऐका.

तुम्ही इंग्रजी माध्यमात शिकलेले असाल, इंग्रजी पाण्यासारखं येत असेल, आणि सवय लावणं हीच तुमची खरी अडचण असेल, तर ॲप घ्या, मी आडवा येणार नाही. दोन्ही चालवणारेही आहेत: येता-जाता ॲप, रात्री निको. पण मराठी शाळेतून आलेला, कामानंतर अर्धाच तास हाती असलेला कोणी मला विचारतो, तेव्हा तो अर्धा तास निकोला दे असंच मी सांगतो. डॉइचे वेलेच्या संकेतस्थळावर पातळी ठरवणारी चाचणी आहे. थोडंफार येत असेल तर आधी ती द्या, म्हणजे ‘हालो, इश बिन निको’पासून सुरुवात करावी लागणार नाही.